'कोण आलं?' विचारणाऱ्या भाषेत सगळीकडे 'तो' कशाला?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपूरच्या मनीषनगरमधल्या एका सोसायटीच्या सचिव लिहितात: "आमच्या नोटिशीत 'जो सभासद मेंटेनन्स भरणार नाही तो थकबाकीदार समजला जाईल' आणि 'सभासदांनी सपत्नीक उपस्थित राहावे' असं छापलं गेलं. दोन सभासद बायांनी हरकत घेतली. आमच्याकडचे एक निवृत्त काका म्हणतात, पुल्लिंगात सगळे आलेच, कायदाही तेच सांगतो, आता काय दर ओळीत 'तो/ती' लिहायचं? उपविधींचं (म्हणजे सोसायटीच्या नियमावलीचं) सोप्या मराठीत रूपांतर करायचं काम माझ्या गळ्यात आहे. काय करू?"

काकांचं अर्धं म्हणणं बरोबर आहे. ते आधीच मान्य करून टाका, म्हणजे सभेत तुमचा अर्धा तास वाचेल. जनरल क्लॉजेस ॲक्ट हा १८९७ चा कायदा. सरकारी मराठीत त्याला सर्वसाधारण वाक्खंड अधिनियम म्हणतात (हे नाव सभेत उच्चारू नका, लोक चहाकडे वळतील). त्याचं कलम १३ सांगतं की कायद्यातल्या पुल्लिंगी शब्दांत स्त्रियाही धरायच्या. आपल्या राज्याच्या १९०४ च्या कायद्यातही हीच सोय आहे. १८६० च्या भारतीय दंड संहितेत कलम ८ होतं, तेही असंच. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आणि त्या व्याख्येत पुरुष आणि स्त्रीच्या जोडीला तृतीयपंथी व्यक्तीही आली. तर कायद्याच्या पुस्तकात 'तो' म्हणजे सगळे, हे खरं.

पण कलम १३ ची सुरुवात काकांनी वाचलेली दिसत नाही. विषय किंवा संदर्भ आड येत नसेल तर, अशी अट तिथं घातलेली आहे. ही अट काय करते ते रेजिना गुहा यांच्या बाबतीत दिसलं. कायद्याची पदवी घेतलेल्या या बाईंनी वकिली करण्याची परवानगी मागितली. १९१६ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयानं ती नाकारली. वकिलांबद्दलच्या १८७९ च्या कायद्यात बाई बसत नाही, असा तो निकाल. पुल्लिंगात स्त्री येते हे सांगणारं कलम तेव्हा १९ वर्षांचं झालेलं होतं. १९२१ मध्ये पाटण्याला सुधांशुबाला हाजरा यांनाही तोच अनुभव आला. शेवटी १९२३ साली स्त्रियांना वकिली करता यावी म्हणून वेगळा कायदा करावा लागला. चोरी केली तर दंड संहितेच्या 'तो'मध्ये बाई पहिल्या दिवसापासून होती. सनद मागायला गेली तेव्हा मात्र संदर्भ आड आला. तुमच्या सभेत काका पुन्हा कायद्यावर आले तर एवढी एक गोष्ट सांगा आणि पुढच्या विषयाकडे वळा.

माझा धंदा कायद्याचा नाही, भाषेचा आहे. २६ वर्षं झाली. पहिली अकरा इथल्याच एका वर्तमानपत्राच्या डेस्कवर गेली, पुढची सगळी भाषांतरात: कोर्टाचे कागद, अर्जांचे नमुने, योजनांची पत्रकं, तुमच्यासारख्या संस्थांचे उपविधी. इंग्रजी मसुद्यात 'ही' दिसला की हात आपोआप 'तो' लिहितो. मीही लिहिलाय, किती वेळा ते मोजलेलं नाही. (इंग्रजीतला 'ही' पुरुष आणि आपली 'ही' बाई, यावरून डेस्कवर एक जुना विनोद होता. तो आता सांगण्यासारखा राहिलेला नाही.) या सवयीतून माझं एक मत बनलं आहे आणि तुमच्या कामाला तेच उपयोगी पडेल. पुल्लिंगानं सगळ्यांचं काम भागवायचं ही रीत आपल्या छापील मराठीत बोकाळली आहे. बोलत्या मराठीला तिची गरज फार थोड्या ठिकाणी पडते.

काकांना एकच विचारा. रात्री ११ ला बेल वाजली तर ते आतून काय ओरडतात? "कोण आला?" नाही म्हणत. "कोण आलंय?" म्हणतात. दाराबाहेर बाई आहे की पुरुष हे ठाऊक नसतं, तेव्हा मराठी माणूस नपुसकलिंगाकडे जातो. कुणाला शिकवावं लागत नाही. "कुणी फोन केला होता का?", "कुणीतरी ओरडलं", "आत कोणी बसलंय". लग्नाला "सगळी आली होती", घरात "दोघंच असतात", वाड्यात "माणसं जमली". मुलगा आणि मुलगी मिळून "मुलं" होतात, आणि ही "मुलं आली" तेव्हा क्रियापदही नपुसकलिंगीच. "मंडळी" तर स्त्रीलिंगी आहे. "मंडळी जेवायला बसली" म्हटल्यावर पंगतीतल्या एकाही काकाचा आजवर अपमान झालेला नाही. 'व्यक्ती'ही स्त्रीलिंगी. "ती व्यक्ती फरार आहे" असं बातमीत छापलं म्हणून पोलीस बाई शोधायला निघत नाहीत.

यावर काका म्हणतील, मग 'तो सभासद'नं तरी काय बिघडतं, तेही नुसतं व्याकरणच. मुद्दा चांगला आहे, झटकू नका. नामाचं लिंग बहुतेक वेळा निरुपद्रवी असतं. 'मतदार', 'अर्जदार', 'खातेदार', 'भाडेकरू', 'खेळाडू' यांच्यामागे मला एकही पुरुष उभा दिसत नाही. क्रिकेटचे नियम सांभाळणाऱ्या एमसीसीनं २०२१ मध्ये 'बॅट्समन' काढून 'बॅटर' आणलं, तेव्हा आपल्या 'फलंदाज' शब्दाला हातही लावावा लागला नाही. अडचण होते ती नामापाठोपाठ 'जो', 'तो', 'त्याने', 'त्याची पत्नी' अशी रांग लागली की. दुसऱ्या ओळीपर्यंत वाचणाऱ्याच्या डोळ्यासमोर मिशीवाला सभासद उभा राहतो. तुमच्या नोटिशीत तर त्याला बायकोही मिळाली.

आता थोडं व्याकरण. इथं जरा थांबते, कारण सगळी चावी इथंच आहे.

मराठी क्रियापद चुगलखोर आहे. 'आला', 'आली', 'जातो', 'जाते' म्हटलं की बाई की पुरुष ते लगेच कळतं. पण त्याच क्रियापदाची कितीतरी रूपं मुकी आहेत. भविष्यकाळ घ्या: 'येईल', 'भरेल', 'ठरतील'. यात ना बाई ना पुरुष. 'येणार', 'भरणार नाही' यातही नाही. 'करीत आहे', 'राहत नाही' यातही नाही. कर्मणी आणि भावे प्रयोगात तर कर्त्याला क्रियापद विचारतच नाही. "सभासदाने अर्ज भरावा" यात 'भरावा' हा अर्जाचा, "सभासदाने शुल्क भरावे" यात 'भरावे' शुल्काचं, आणि "सभेला उपस्थित राहावे" यात कुणाचंच नाही. सर्वनामांचंही तसंच. एकवचनात 'त्याने' आणि 'तिने' वेगळे. अनेकवचनात 'त्यांनी', 'त्यांना', 'त्यांचे' तिन्ही लिंगांना एकच. शिवाय मराठीत आदरासाठी एका माणसालाही आपण 'त्यांनी' म्हणतोच, म्हणजे अनेकवचन करायलाही वेगळं निमित्त लागत नाही. नोटीस लिहिणाऱ्याला आणखी काय हवं?

शाळेतली प्रतिज्ञा आठवून बघा. पैडिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी १९६२ मध्ये ती मुळात तेलुगूत लिहिली. आपल्या मराठी पाठात "मान ठेवीन" आहे, "प्रतिज्ञा करीत आहे" आहे. मुलामुलींनी एकाच रांगेत उभं राहून एका सुरात म्हणावी, कुणाला शब्द बदलावा लागू नये, अशी ही रूपं. आणि त्याच प्रतिज्ञेच्या दुसऱ्या वाक्यात हिंदीत 'भाई-बहन' असताना मराठीत नुसते "सारे भारतीय माझे बांधव" आहेत. सोयीची रूपं आणि जुनी सवय एकाच पाठात, चार ओळींच्या अंतरावर.

नागपुरात राहून दुसरं उदाहरण कसं टाळू? १४ ऑक्टोबर १९५६ ला इथं बाबासाहेबांनी लाखोंच्या समुदायाकडून २२ प्रतिज्ञा वदवून घेतल्या. त्यांत पुन्हा पुन्हा येतं ते "मानणार नाही", "करणार नाही", "पिणार नाही". पुरुषांच्या आणि बायांच्या तोंडी तेच शब्द, तीच रूपं. मोजक्या ठिकाणी "मानतो" आहे. तिथं आमच्या गल्लीतल्या ताई "मानते" म्हणतात, त्यांच्या आई "मानतो"च म्हणायच्या. दोघींच्याही उच्चारात कधी अडखळणं नव्हतं. मी हे धर्माचं नाही, क्रियापदाचं सांगते आहे. मोठ्या जनसमुदायानं एकत्र म्हणायचं वाक्य असलं की '-णार नाही' किती मोकळं चालतं, ते दीक्षाभूमीवर दर वर्षी ऐकू येतं.

आणि आपली बोली? पुण्याचे पाहुणे ज्यावर हसतात तीच. "बाप म्हणते", "तो जाते", "बुढा आयकत नाही, नुसता बोलते". वऱ्हाडी-नागपुरीत 'तो'चं आणि 'ती'चं क्रियापद इथं एकच. कोल्हापुराकडे उलटं, तिथल्या पोरी बिनदिक्कत "मी जातो" म्हणतात. त्यामुळे मराठी म्हणजे जन्मापासून प्रत्येक ठिकाणी लिंग दाखवणारी भाषा, हे प्रमाण मराठीपुरतं खरं आहे.

आता तुमची नोटीस. मूळ मजकूर तुम्ही पाठवलाच आहे:

"प्रत्येक सभासदास कळविण्यात येते की, जो सभासद दि. ३० पर्यंत मेंटेनन्स भरणार नाही तो थकबाकीदार समजला जाईल व त्यास निवडणूक लढविता येणार नाही. सभासदांनी सपत्नीक उपस्थित राहावे. कामवाल्या बायांनी लिफ्ट वापरू नये."

पहिल्या वाक्याला 'जो/जी', 'तो/ती', 'त्यास/तिला' अशा तिरक्या रेघा मारल्या तर ते नुसतं गिचमिड दिसेल आणि कुणी वाचणार नाही. त्यात तृतीयपंथी व्यक्ती पुन्हा रेघेबाहेरच राहतील. मी असं लिहीन:

"३० तारखेपर्यंत ज्यांचा मेंटेनन्स जमा झालेला नसेल, त्यांची नावे थकबाकीच्या यादीत येतील. त्यांना निवडणूक लढवता येणार नाही. सभेला घरातल्या कोणालाही सोबत आणावे. मत मात्र सभासदांचेच धरले जाईल."

मूळ नोटिशीपेक्षा हे वाचायला सोपं आहे आणि यात एकही 'तो' नाही. बायांच्या बाजूनं काही जोडलेलंही नाही. काकांना हा मजकूर आधी दाखवा, मग सांगा कशासाठी बदलला. माझा अनुभव असा की उलट क्रमानं सांगितलं तर ते मजकूर वाचतच नाहीत.

'सपत्नीक' हा शब्द मात्र लिंगभेदाआधी वस्तुस्थितीलाच धरून नाही. १ एप्रिल २०२१ पासून आपल्या राज्यात बाईच्या नावानं घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सूट मिळते. सूट दिसली की नागपूरकर घेतोच. तेव्हापासूनच्या व्यवहारांत कित्येक फ्लॅट बायकोच्या, आईच्या, बहिणीच्या नावावर आहेत. म्हणजे तुमच्या सोसायटीत सभासद त्या, आणि तुम्ही बोलावताय त्यांच्या नवऱ्याला, बायकोला घेऊन ये म्हणून. जुन्या मराठीत 'कुटुंब' म्हणजे बायको असायचं. "आमचं कुटुंब माहेरी गेलंय" असं माझे आजोबा म्हणत. भाडेकरूंच्या अर्जात 'कुटुंबाची माहिती' विचारली आणि एका बुजुर्गानं फक्त पत्नीचं नाव लिहून दिलं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. तिथं 'घरात राहणाऱ्या सर्वांची नावे' लिहा.

लिफ्टच्या ओळीबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण विचारायला हवं होतं. 'कामवाल्या बाया' लिहिताना कुणालाच स्त्रीलिंग जड गेलं नाही, बघा. 'परिचारिका', 'अंगणवाडी सेविका', 'मोलकरीण', 'स्वयंपाकीण' हे शब्द बाईचेच धरून चालतो, आणि 'अध्यक्ष', 'खजिनदार' पुरुषाचे. राज्याच्या २००८ च्या कायद्यानं 'घरेलू कामगार' असा शब्द दिलेला आहे. तो घ्या. आणि ती मनाईची ओळच काढा. ती भाषेनं सुधारणारी नाही.

पदांच्या नावांचा प्रश्न तुमच्याकडे पुढच्या निवडणुकीत येईल, म्हणून आत्ताच सांगते. अध्यक्ष की अध्यक्षा? माझं मत पदाचं नाव एकच ठेवण्याकडे आहे. 'अध्यक्ष म्हणाल्या', 'सरपंच आल्या', 'जिल्हाधिकाऱ्यांनी आदेश दिले, त्या उद्या रुजू होतील'. मराठी क्रियापदानं काम केलंच आहे, नामाला वेगळं शेपूट कशाला? शिवाय आपलं जुनं शेपूट '-ईण'. ते पदाला लावलं की पद नाहीसं होतं. 'पाटलीणबाई' पाटलाची बायको, 'वकिलीणबाई' वकिलाची, 'डॉक्टरीणबाई' डॉक्टरची. धंतोलीत एका डॉक्टरबाईंच्या दवाखान्यात त्यांच्या सासूच्या काळातल्या बायका अजून त्यांना 'डॉक्टरीणबाई' म्हणतात आणि त्यांचे डॉक्टर नसलेले यजमान खो खो हसतात.

पण इथं मी सुसंगत नाही, हे कबूल करते. 'लेखिका', 'शिक्षिका', 'गायिका', 'अभिनेत्री', 'नगरसेविका' हे शब्द रुळलेले आहेत, ते मी बदलत नाही. डेस्कवर मी लागले तेव्हा ओळखपत्रावर 'उपसंपादिका' छापून आलं. मी ते परत केलं, कारण रात्रपाळी 'उपसंपादकां'ना मिळायची आणि पगारातला रात्रपाळीचा भत्ता रात्रपाळी करणाऱ्यांना. नवं कार्ड यायला ४ महिने लागले, भत्ता लागू व्हायला त्याहून जास्त. दोन अक्षरांत एवढं अडकलेलं असेल असं तेव्हा वाटलं नव्हतं. दुसऱ्या एका सहकारी बाईंना मात्र 'उपसंपादिका'च हवं होतं, ती त्यांची कमाई होती. म्हणून नियम एकच: खुर्चीवर ज्या बसल्या आहेत त्यांना विचारा. कुसुमावती देशपांडे नागपुरात प्राध्यापक होत्या. १९६१ मध्ये ग्वाल्हेरच्या साहित्य संमेलनात त्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या पहिल्या स्त्री अध्यक्ष झाल्या. विदर्भातच, यवतमाळला, २०१९ मध्ये अरुणा ढेरे अध्यक्ष होत्या. हेच वाक्य मी 'अध्यक्षा' लिहूनही चाललं असतं. 'राष्ट्रपती'वरून २००७ मध्ये प्रतिभाताई पाटलांच्या वेळी बराच शब्दच्छल झाला. पण 'सभापती', 'कुलपती', 'राष्ट्रपती' यांतला 'पती' म्हणजे स्वामी, प्रमुख. त्याची 'पत्नी' करायला निघणं हा विनोदच होता आणि तोही फार बरा नव्हता.

आता एक खास आपल्या शहराची गोम. 'श्रीमती'. नागपूर १९५६ पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी होतं, हिंदी इथं घरातली नसली तरी अंगणातली आहे. हिंदीत 'श्रीमती' म्हणजे विवाहित बाई. मराठीत विवाहितेला 'सौ.' आणि 'श्रीमती' बहुतेक घरांत विधवेला, निदान जुन्या पिढीला तसंच वाटतं. माझ्या आईला एका बँकेतून हिंदी पत्र आलं, वर 'श्रीमती'. बाबा तेव्हा समोरच्या खोलीत पेपर वाचत होते. आई पत्र घेऊन सरळ त्यांच्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "बघा, बँकेनं तुम्हाला केव्हाच पोचवलं." त्या दिवशी हसलो सगळे, पण पत्र तिनं परत पाठवायला लावलं. बाबा गेल्यावर सोसायटीच्या यादीत तिच्या नावामागचं 'सौ.' खोडून कुणीतरी पेनानं 'श्रीमती' केलं होतं. ते मात्र तिला बघवलं नाही.

'श्री.' लावलेल्या पुरुषाचं लग्न झालंय का, बायको आहे का, हे यादी वाचून कुणाला कळत नाही. बाईचं सगळं कळतं: कु., सौ., श्रीमती. म्हणून सभासदांच्या यादीत मी सगळ्यांचीच उपपदं काढते. नुसती नावं. जोडायचंच असेल तर सगळ्या बायांना 'श्रीमती' आणि यादीखाली एक ओळ, की हे उपपद सर्व महिलांसाठी वापरले आहे. तरीही एखाद्या आजी भांडायला येतीलच. त्यांच्या नावामागे 'सौ.' लिहून द्या. ते त्यांचं आहे.

एवढं ऐकून वाटेल की बाई-पुरुष हा भेदच शब्दांतून पुसायचा. तसं नाही. काही ठिकाणी लिंगनिरपेक्ष शब्दच बाईला गायब करतो, आणि तिथं 'महिला' ठळक लिहावंच लागतं. 'शेतकरी' घ्या. शब्द कुणालाही लागू. पण सातबारावर नाव पुरुषाचं, म्हणून योजनेत शेतकरी तो, आणि दिवसभर निंदण-वेचणी करणारी ती 'शेतकऱ्याची पत्नी'. १९९२ मध्ये राज्यात लक्ष्मी मुक्ती योजना आली ती याचसाठी, नवऱ्यानं स्वेच्छेनं बायकोचं नाव जमिनीला लावावं म्हणून.

२०१७ ला यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले, त्यानंतर एका संस्थेसाठी मी फवारणीतल्या काळजीचं पत्रक मराठीत केलं. वर ठसठशीत 'शेतकरी बांधवांनो'. खाली मुद्दे: हातमोजे घाला, वाऱ्याच्या दिशेनं फवारा, आणि सातवा, 'फवारणीचे कपडे इतर कपड्यांत न मिसळता वेगळे धुवा'. काटोलकडच्या एका गावात ते वाचून दाखवलं. मागं भिंतीला टेकून बसलेल्या एक आजी म्हणाल्या, "बांधव कुठं धुते कपडे? धुवा तं मलेच लागते. मले कोनं सांगतलं?" पत्रकातला सर्वांत जरुरीचा मुद्दा ज्यांच्यासाठी होता, त्यांना आम्ही हाकच मारलेली नव्हती. नव्या छपाईत सातवा मुद्दा वेगळ्या चौकटीत गेला, वर 'घरात कपडे धुणाऱ्यांसाठी'. 'भगिनींनो' लिहायचा मोह मी टाळला, नाहीतर धुणं कायमचं तिच्याच नावावर चढलं असतं.

म्हणून माझा हिशेब असा. नियम, दंड, सूचना यांत लिंग गाळा. हक्क, राखीव जागा, वारस, मालकी यांत बाईचं नाव घ्या. तुमच्या समितीतल्या महिलांच्या राखीव जागा 'सर्व सभासदांमधून' अशा गुळमुळीत शब्दांत बसवू नका, 'महिला सभासद' असंच लिहा. नामनिर्देशनाच्या कलमात 'मुलगा' असेल तर 'अपत्य' करा. राज्यानं १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांच्या सरकारी कागदपत्रांत वडिलांच्या आधी आईचं नाव आणलं आहे. तुमच्या भाडेकरूंच्या अर्जात अजून 'वडिलांचे/पतीचे नाव' हा एकच रकाना असेल, तो आधी बघा. तो फक्त बायांसाठीच 'पतीचे' होतो.

हात लावू नये अशाही जागा आहेत. म्हणी सुधारायला जाऊ नका. 'ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी' तशीच राहू दे. 'जिची/ज्याची' केलं तर पोळी करपेल. गणपतीच्या वर्गणीच्या पावतीवर 'बंधू-भगिनींनो' असेल तर असू दे. व्याकरणात तर 'प्रथम पुरुष, द्वितीय पुरुष, तृतीय पुरुष' आहेत. मराठीत 'मी' म्हणणारी प्रत्येक बाई व्याकरणाच्या हिशेबानं पुरुषच. त्याचं काय करायचं हे व्याकरणवाले बघतील, तुमच्या वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेत ते नको.

उपविधींचं काम सुरू करण्याआधी एक करा. सोसायटीचं 'जे' (इंग्रजी J) रजिस्टर, म्हणजे सभासदांच्या यादीची वही काढा आणि प्रत्येक फ्लॅटचं शेअर सर्टिफिकेट कुणाच्या नावावर आहे ते स्वतः तपासा. पार्किंगच्या यादीवरून किंवा दारावरच्या पाटीवरून जाऊ नका, पाटीवर बहुतेक ठिकाणी साहेबांचं आडनाव असतं. पहिलं नाव कुणाचं, जोडीला दुसरं कुणाचं, हे दोन रकाने भरून झाले की नोटीस त्या नावांनी पाठवा, 'अमुक व कुटुंबीय' अशी नको. सभेआधी दोन रविवार मिळतात. पुरतील.